तिकडं युद्ध, इकडं भाव: बेळगाव-निपाणी-खानापूरकडनं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या तीन-चार लहान फाउंड्र्यांचे, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांचे, हिशेब बघतो, राहायला शहापुरात. टीव्हीवर कुठं बाँब पडलेला दाखवला की संध्याकाळी चहाच्या गाड्यावर कोणतरी मला धरतंयच, "काय ओ, आता आपलं काय होणार?" मी अर्थतज्ज्ञ बिर्थतज्ज्ञ कोण नाही, पण तीस वर्षं खतावण्या बघितल्यात आणि जुनं वाचायचा नाद आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रम लावलेला नाही, जसे आठवले तसे.

लढाई हजारो किलोमीटरवर, मग रविवार पेठेत तेल दुसऱ्याच दिवशी कसं महाग होतंय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणारा आधीच दुकानदाराला चोर ठरवून आलेला असतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला. आपल्याकडं बाहेरनं येणारं सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेनचं, उरलेलं रशिया-अर्जेंटिनाचं. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली, जहाजं अडकली. आता गोडाऊनमधला माल तर जुन्या भावातला, मग वाढवला का? कारण व्यापारी मागच्या खरेदीवर भाव लावतच नाही, पुढची गाडी कितीला भरावी लागणार त्याच्यावर लावतो, आजचा डबा जुन्या भावात देऊन टाकला तर त्या पैशात उद्याचा डबा येत नाही. त्याचं हे म्हणणं खोटं नाही. पण भाव चढताना एका रात्रीत चढतो आणि उतरताना मात्र "जुना स्टॉक आहे ओ" म्हणून महिनाभर रेंगाळतो, तिथं मी त्यांची बाजू घेणार नाही.

वर एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यातच तीन-साडेतीन आठवडे बंद केली. त्यांच्या देशात कुणी बाँब टाकला नव्हता, तेल महागलं म्हणून घाबरून दार लावून घेतलं एवढंच. एकानं दार लावलं की बाकीचे पण लावतात, आणि मग गल्लीतली काकू एका पिशवीऐवजी चार पिशव्या उचलते. तिचा दोष काढायला नको, आमच्या घरात पण उचलल्या होत्या.

आणि पेट्रोल?

देशाला लागतं त्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांपेक्षा जास्त आपण बाहेरनं आणतो. जगातल्या तेलातला साधारण पाचवा हिस्सा इराणजवळच्या होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातनं जातो. गॅसच्या सिलिंडरचं पण तसंच, निम्म्यापेक्षा जास्त गॅस बाहेरचा आणि त्यातला बहुतेक आखातातला. त्यामुळं तिकडं नुसती धमकी आली तरी इकडं डॉलर चढतो. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत तेल बॅरलला तीन डॉलरवरनं जवळपास बारावर गेलं, १९७४ मध्ये आपल्या देशात महागाई २५ टक्क्यांच्या वर पोचली. त्याच्या आधीच १९७२ चा दुष्काळ पडून गेलेला, म्हणजे रिकाम्या कणगीवर हा दणका. आमचे तात्या तेव्हाची मिलो ज्वारीची लाल भाकरी आठवली की अजून तोंड वाकडं करतात.

आपल्या भागाला परदेशातल्या युद्धाचा एवढा मोठा परिणाम पहिल्यांदा कधी झाला?

पहिल्यांदा म्हणजे कधी ते मी छातीठोक सांगणार नाही, पण माझ्या मते ज्यानं सगळं उलटंपालटं केलं ते अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. ऐकून लोक हसतात. अमेरिकेतले गोरे आपापसात भांडले आणि सौंदत्ती-बैलहोंगलच्या शेतकऱ्याचं काय?

तर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा पाऊण हिस्सा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतनं जायचा. उत्तरेच्या आरमारानं ती बंदरं कोंडली, कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या थंड. मग साहेबाला आठवण झाली आपली. धारवाड भागात १८४० च्या दशकातच अमेरिकन बी आणून लावायचे प्रयोग झालेले होते, त्याला धारवाड-अमेरिकन म्हणायचे, आणि ह्या पट्ट्यातला कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठा नाहीतर वेंगुर्ल्याच्या बंदरात जायचा. भाव काही पटीनं चढले. ज्याच्याकडं काळी जमीन त्यानं ज्वारी मोडून कापूस घातला. कापसात सरकी, माती, पाणी मिसळायचा धंदा पण एवढा बोकाळला की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या फसवणुकीसाठी वेगळा कायदा करावा लागला (भेसळ काय आजची नाही). मुंबईत तर त्या पैशावर समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्यांचे शेअर असे उडाले की विचारू नका.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध मिटलं. भाव कोसळले. मुंबईतले शेअर कागदाच्या किमतीचे झाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली, ते तुम्ही कुठं ना कुठं वाचलं असेल. शेतकऱ्याचं कोण सांगत नाही. चढत्या भावात सावकार दारात येऊन "घ्या की ओ" म्हणून कर्ज देत होता, कारण पीकच तारण. बैल घेतले, विहिरी काढल्या, पोरींची लग्नं थाटात केली. भाव पडला तेव्हा कर्जाचा आकडा होता तिथंच, आणि व्याज चालू. त्यात जमीनमहसुलाची फेरपाहणी झाली ती त्या चांगल्या वर्षांचा भाव डोळ्यांपुढं ठेवून, म्हणजे सारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची घरं फोडून खतपत्रांची होळी केली, तो दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा आला. आपल्याकडं, बेळगाव-धारवाड-कलादगीकडं, त्याच्या मधोमध १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन बसला. चार वर्षं हातात पैसा खेळवून त्या युद्धानं पुढं दहा-बारा वर्षं वसुली केली.

म्हणजे युद्धानं कुणाचा तरी फायदा होतोच की?

होतो. नाही कोण म्हणतंय. ज्याच्याकडं माल त्याचा होतो, ज्याच्याकडं नुसता पगार किंवा रोजगार त्याचं नुकसान. माझं म्हणणं एवढंच की चढता भाव बघून जे कर्ज काढतात त्यांचं पुढं काय झालं ते विचारा. भाव वाढतो तेव्हा सगळे ओरडतात, वर्तमानपत्रात येतं, मोर्चे निघतात. भाव पडतो तेव्हा माणूस घरात गप बसून असतो आणि ते कुणाला दिसत नाही. मी ज्या खतावण्या बघितल्या त्यात बुडालेली माणसं जवळजवळ सगळी दुसऱ्या प्रकारची.

पहिल्या महायुद्धात आपल्याकडं काय झालं? तेव्हा तर लढाई इथं नव्हतीच.

लढाई नव्हती, माणसं होती. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या फौजेत आपली मराठा पोरं होती. इकडं घरी मिठापासनं रॉकेलपर्यंत आणि कापडापासनं धान्यापर्यंत सगळं महाग.

एक गंमतीची गोष्ट सांगतो. तेव्हा रुपया चांदीचा. युद्धात चांदी एवढी महाग झाली की रुपयातली चांदी रुपयापेक्षा जास्त किमतीची व्हायला लागली, मग लोक रुपये दाबून ठेवायला लागले, कोण सोडतंय? शेवटी ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारनं पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट काढली. खेड्यात कागद कोण घेणार, बाजारात नोट देणाऱ्याकडनं बट्टा कापायचे. १९१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या तिजोरीतली २० कोटी औंस चांदी भारतासाठी इंग्रजांना विकली तेव्हा ते निभावलं.

आणि १९१८ लाच पाऊस दगा देऊन गेला, त्यात मानमोडी आली. आज आपण स्पॅनिश फ्लू म्हणतो ती. सैनिकांच्या जहाजांबरोबर जूनमध्ये मुंबईत उतरली आणि पावसाळ्यानंतर आगगाडीच्या रुळांनी गावोगाव गेली. देशात सव्वा कोटीपासनं पुढं माणसं मेली असं अंदाज सांगतात, एवढी की १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्याच घटली, त्याच्यानंतर अजून कुठल्या दशकात घटलेली नाही. युद्ध, महागाई, दुष्काळ आणि साथ हे चौघं हातात हात घालून येतात. शरीर उपाशी असलं की ताप जास्त मारतो, एवढं सरळ आहे ते.

भोकाचा पैसा म्हणजे काय? आमची आज्जी सारखी म्हणते.

माझ्याकडं आहेत की. आज्जीच्या पितळी डब्यात सापडले, सात. तांब्याचं पातळ वाशर असतं ना, बोल्टला लावतो तसलं, तसाच दिसतो, मधोमध मोठं गोल भोक, वर छोटासा मुकुट आणि १९४३, १९४४ असली सालं. दुसऱ्या महायुद्धात तांबं काडतुसांना लागायचं म्हणून पैशाच्या पोटातलं तांबं काढून घेतलं. हातात घेतलं की वजनच लागत नाही. त्याच्या आधीचा पैसा शेजारी ठेवून बघा, युद्ध म्हणजे काय ते शाळेतल्या धड्यापेक्षा लवकर कळतं.

पण खरी गंमत भोकात नाही, नोटांत आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातनं सैन्यासाठी धान्य, कापड, कातडं, लाकूड सगळं उचललं आणि त्याचे पैसे दिले पौंडात, तेही लंडनमध्ये खात्यावर जमा. ते पौंड तिकडं पडून, आणि त्यांच्या जोरावर रिझर्व्ह बँकेनं इकडं रुपये छापून लोकांना दिले. १९३९ ते १९४५ ह्या काळात चलनातल्या नोटा सहापटीपेक्षा जास्त झाल्या. माल वाढला नाही, उलटा बाहेर गेला. मग भाव चढणार नाही तर काय होणार? युद्ध संपताना इंग्लंडकडं आपलं येणं १३० कोटी पौंडांच्या आसपास होतं. म्हणजे गरीब देशानं श्रीमंत देशाला उधारी दिली आणि ती उधारी दिली कुणी, तर बाजारात दुप्पट-अडीचपट भावानं ज्वारी घेणाऱ्या बाईनं. १९४३ मध्ये बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसं मेली ती ह्याच साखळीत, तांदूळ होता पण मजुराच्या मजुरीत बसत नव्हता. आपल्या शेजारी विजापूरकडं पण १९४२-४३ ला दुष्काळ होता.

जुनी माणसं रेशनला "कंट्रोल" का म्हणतात?

कारण ते आलंच कंट्रोल म्हणून. मुंबईत १९४३ ला धान्याचं रेशनिंग सुरू झालं, त्याच वर्षी कापड-सुताचा कंट्रोल ऑर्डर आला. कंट्रोलचं कापड, कंट्रोलची साखर. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरात अजून विचारा, सूत मिळवायला कशी खटपट करायला लागायची ते घरोघरी सांगत आलेत.

आणि युद्ध संपलं म्हणून ते संपतं असं समजू नका. निपाणीकरांना माहीत असेल, कच्च्या तंबाखूवरची एक्साइज १९४३ मध्ये युद्धाच्या खर्चासाठी लावली. हिटलर १९४५ ला मेला, ती ड्युटी १९७९ पर्यंत जिवंत होती. छत्तीस वर्षं! त्या सगळ्या काळात वखारीत तंबाखू ठेवायला लायसन, हलवायला परमिट, वजनाचा हिशेब, आणि प्रत्येक टप्प्यावर एक साहेब. भाडेकरूंचे कायदे, जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, ह्यांची मुळं पण त्याच युद्धातल्या ऑर्डरींत आहेत.

युद्ध होणार म्हटलं की सोनं घ्यावं का?

सोनारांच्या शहापुरात राहतो म्हणून हा प्रश्न मला जरा जास्तच येतो. सल्ला देणार नाही, काय काय झालंय तेवढं सांगतो.

१९२९ ची मंदी आली, शेतमालाचे भाव निम्म्यावर आले पण सारा आणि व्याज तेवढंच. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, सोनं महाग झालं, आणि खेड्यापाड्यातनं बायकांच्या अंगावरचं सोनं मोडीत निघून सराफ-व्यापाऱ्यांच्या हातनं जहाजात चढलं. सरकारनं हे हिंदुस्थानची संपत्ती बाहेर आली म्हणून आनंदानं सांगितलं. लोकांनी त्याला अडचणीतलं सोनं म्हटलं, जे होतं ते. पण एक आहे, ज्या घरात पाटल्या होत्या त्या घराची जमीन तरी वाचली.

दुसरी गोष्ट उलटी. १९६२ ला चीनशी युद्ध झालं, परकीय चलन नाही, आणि जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध दागिना घडवायचाच नाही. चौदा कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? आईबाप पोरीला पितळ घातल्यासारखं तोंड करायचे. सराफाकडं भांडवल होतं, तो तगला. घडणावळीवर पोट असलेला सोनार, ज्याच्याकडं फुंकणी, हातोडी आणि बोटातली कला सोडून काय नव्हतं, तो रस्त्यावर आला. देशभर सोनारांच्या आत्महत्या झाल्या. पुढं १९६६ ला २२ कॅरेटला मोकळीक मिळाली पण ज्यांनी मधल्या तीन वर्षांत भट्टी मोडून पोराला दुसऱ्या कामाला लावलं ती घरं परत पाटावर बसली नाहीत. कायदा जायला १९९० उजाडलं. गोळी झाडली गेली लडाखला आणि अरुणाचलला, आणि लागली शहापूरच्या सोनार घरांना, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना अतिशयोक्ती वाटते. वाटू दे.

तिसरी तुम्हाला माहीत आहे, आखाती युद्धात तेल भडकलं, गंगाजळी आटली आणि १९९१ ला आपल्या देशानंच ४७ टन सोनं विमानानं पाठवून बँक ऑफ इंग्लंडकडं गहाण ठेवलं. अडचणीत आज्जी करायची तेच रिझर्व्ह बँकेनं केलं. आणि आत्ताचं म्हणाल तर २०२२ मध्ये रशियाचे ३०० अब्ज डॉलरच्या आसपासचे साठे पाश्चात्त्य देशांनी गोठवले, ते बघून बऱ्याच देशांच्या मध्यवर्ती बँका सोनं घ्यायला लागल्या, एप्रिल २०२५ मध्ये तोळ्यानं लाखाचा आकडा ओलांडला. ज्यांनी लग्नासाठी आधी घेतलं ते खूष. ज्यांनी लाखाला कर्ज काढून घेतलं त्यांना मी कापसाची गोष्ट सांगतो.

१९७१ च्या युद्धाचा आपल्याला काय चटका बसला?

जुनी पत्रं असतील तर काढून बघा, पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशाचं एक जादा तिकीट दिसेल, शरणार्थी सहाय्यतेचं. तेव्हा पूर्व बंगालमधनं एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आलेली, त्यांना पोसायला १५ नोव्हेंबर १९७१ पासनं प्रत्येक पत्रावर पाच पैसे जादा, ३१ मार्च १९७३ पर्यंत. चटका म्हटला तर तेवढाच, पण मला हा टॅक्स मनापासनं आवडतो. कशासाठी ते नावावरच लिहिलेलं आणि संपायची तारीख पाळली. तंबाखूवाल्यासारखं नाही.

१९६१ ला गोव्यासाठी फौज बेळगावात जमली होती म्हणतात, खरं?

खरं. डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन इकडनंच गोव्यात उतरली, १८-१९ डिसेंबरला काम तमाम. पण व्यापाऱ्यांना त्या दोन दिवसांपेक्षा आधीची सहा वर्षं जास्त जड गेली, कारण १९५५ पासनं नाकेबंदी, कॅसलरॉकवरनं गोव्यात जाणारी रेल्वे बंद. भाजी, दूध, तांदूळ, गुरं, सगळा नेहमीचा व्यवहार तुटला. बाजार तुटला की चोरटा बाजार होतो, तो झाला.

फाउंड्रीवाल्यांना युद्धानं ऑर्डरी मिळतात का?

मिळतात आणि जातात. ह्या धंद्याला बेळगावात मुळापासनं हेच नशीब. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान बेळगावात टाकलं, नांगर इथंच बनवायला लागले, १९१० ला जागा सोडायला लागली म्हणून तिकडं कुंडलच्या माळावर गेले, आणि चारच वर्षांत महायुद्ध लागून परदेशी माल यायचा बंद. देशी मालाला गिऱ्हाईक आलं, पण त्याच युद्धानं लोखंड आणि कोळसा पण दुर्मीळ केला. एका हातानं देतं, दुसऱ्या हातानं काढून घेतं.

मी स्वतः बघितलेलं सांगतो, ते युद्ध नव्हतं, पण लांबनं आलेला दणका तसलाच. २००८ चा सप्टेंबर, अमेरिकेत लेहमन नावाची मोठी बँक बुडाली १५ तारखेला. दिवाळीपर्यंत आम्हाला वाटत होतं ते बँकवाल्यांचं लफडं आहे, आपण ओतीव काम करणारी माणसं, आपला काय संबंध. दिवाळीनंतर एका मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल आला, ठरलेला माल तूर्त पाठवू नका. कॅन्सल म्हणत नाहीत कधी, तूर्त म्हणतात. आवारात पॅलेटवर रचून, प्लॅस्टिक गुंडाळून, लेबल मारून तयार कास्टिंग. पहिल्या महिन्यात मशीन केलेल्या भागावर नुसती तांबूस झाक आली. मार्चपर्यंत हात फिरवला की बोटं लाल व्हायची. मालकानं आदल्याच वर्षी नवीन फर्नेससाठी टर्म लोन काढलेलं, कारण त्याच्या आधीची तीन वर्षं ऑर्डरी एवढ्या होत्या की माणसं तीन पाळ्यांत पुरत नव्हती. शेवटी तो सगळा माल परत वितळवला, भट्टीत स्क्रॅप म्हणून. ओतायची वीज गेली, परत वितळवायची वीज गेली. मोल्डिंगवरची बिहार-ओडिशाची पोरं निम्मी गावाला गेली, ती परत आली नाहीत. खतावणीत ते सगळं एका ओळीत आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरपासनं तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा परत तसंच पोटात गोळा आला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-चौदा दिवस जादा, भाडं काही पट. ह्यावेळी माल पोचला, पण पैसे उशिरा आले. लहान युनिटला उशीर म्हणजेच तोटा, कारण शनिवारचा पगार सुएझसाठी थांबत नाही.

खताचं काय? प्रत्येक वेळी युद्धाचं कारण सांगतात.

कारण खरं असतं. पोटॅश आपल्या देशात निघतच नाही म्हटलं तरी चालेल, बेलारूस-रशिया-कॅनडाकडनं येतं. २०२२ ला पोटॅशची ५० किलोची गोणी हजाराच्या आसपासवरनं १७०० वर गेली, डीएपी १३५० ला धरून ठेवली ती सरकारनं सबसिडी ओतून, त्या वर्षी देशाची खत सबसिडी अडीच लाख कोटींच्या आसपास गेली. उसवाल्यांनी पोटॅश कमी टाकला. काहींनी ह्या निमित्तानं माती तपासून घेतली आणि कळलं की आधीच जादा टाकत होतो, तेवढा एक फायदा.

फौजी घरांवर काय परिणाम होतो? पैशापलीकडचा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासनं आहे, कॅम्प आपल्या अंगवळणी पडलेला, सकाळी पळणारी पोरं बघूनच आम्ही मोठे झालो. आजूबाजूला घरटी माणूस फौजेत असलेली गावं आहेत. पलीकडं शिरोळ तालुक्यात तर गावाचं नावच सैनिक टाकळी. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण एकट्या पहिल्या महायुद्धात गेले. एका गावातले शेहेचाळीस, म्हणजे एका पिढीची लग्नं, शेतं, भावकी सगळं बदललं असणार.

पैसा येतो हे खरं. दुष्काळी पट्ट्यात मनीऑर्डरीनं घरं उभी केली, पोरं शिकवली, फौजेतनं आलेला माणूस गावात सोसायटीचा चेअरमन होतो, त्याचं अक्षर चांगलं असतं, वेळ पाळतो. पण माझी आत्या पंचवीस वर्षं एकटीनं घर चालवत होती, मामंजी, म्हणजे तिचे यजमान, फौजेत, घरी वर्षातनं दोन महिने. बैल बाजारात नेऊन विकण्यापासनं बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळं तिनं केलं, आणि मामंजी रिटायर होऊन आले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता तिला आराम. तिला उलटं झालं. आता प्रत्येक गोष्टीत विचारून करायचं! दोन वर्षं घरात कुरबूर चालू होती. युद्धानं बायका घराबाहेर पडल्या असं पुस्तकात इंग्लंडच्या कारखान्यांबद्दल लिहितात, आमच्याकडं बायका घरातच राहिल्या, पण घर त्यांचं झालं.

विधवांचं अजून अवघड. पेन्शन सुनेच्या नावावर येते आणि मग सासू-सासऱ्यांचा पण मुलगा गेलेला असतो, त्यांचं काय? कुणीच चूक नसतं आणि भांडण कोर्टात जातं. असली प्रकरणं मी दोन बघितली, जास्त लिहीत नाही.

आता जून २०२२ पासनं अग्निपथ. चार वर्षं, त्यातले पंचवीस टक्के ठेवणार, बाकीच्यांना पावणेबारा लाखांच्या आसपास हातात देऊन घरी. पूर्वी सोयरीक करताना "पोरगा फौजेत आहे" एवढं पुरायचं, आता पुढचा प्रश्न येतो, "कायम झाला का?"

कोरोनाला युद्ध म्हणायचे, खरंच तसं होतं का?

गोळी नव्हती, बाकी बरंच होतं. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद, फाउंड्री बंद, भाजी शेतात कुजली. आमच्या सीमाभागाला वेगळाच प्रकार कळला. आमची सोयरीक कोल्हापूर-गडहिंग्लजला, चंदगडची माणसं दवाखान्याला बेळगावात, आणि मधे एकदम बॅरिकेड. कोगनोळी नाक्याजवळ गाड्या अडवायला लागले, २०२१ मध्ये महाराष्ट्रातनं येताना आरटीपीसीआर दाखवा. चुलत भावाच्या लग्नाला आमची काकू सुरतेहून नाही, अमेरिकेहून नाही, चाळीस किलोमीटरवरनं येऊ शकली नाही. आमच्यासाठी ती रेघ तोवर नकाशावर आणि भाषणात होती.

मग तांदूळ-तेलाचा साठा करून ठेवू का?

दोन-तीन महिन्यांचं धान्य आपल्याकडं पूर्वीपासनं भरतातच, ते भरा, शाळू निघाला की घ्या. त्याच्यापुढं पोरकिडे खातात.

तो भोकाचा पैसा विकणार का?

नाही ओ. सहा डब्यात आहेत. सातवा नातवाच्या करदोट्यात ओवलाय, आमच्या सौभाग्यवतींनी. त्याच्या आज्ज्याला पण तसाच बांधलेला होता म्हणे.